साधा भात

...हसताय ना? हसा, खुशाल हसा! पण वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या हो, "भावोजी, जेवायला येतो, पण साधा भात करा." साधा! आता तुम्हीच सांगा, सख्खा थोरला भाऊ नऊ वर्षांनी घरी येणार. नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि कशावरून? आईच्या कपाटावरून! मी एवढंच म्हटलं होतं, "दादा, तुझं घर लहान, तिथं मावायचं नाही." झालं! उठला आणि गेला. तो भाऊ आता आपणहून येतोय आणि त्याला मी साधा भात वाढू? लोक काय म्हणतील? कोण लोक ते विचारू नका, जेवायला आम्ही चारच माणसं होतो...

तर गेलो दुकानात. ही पोत्यांची रांग! दुकानदार नाकातून बोलतो, "जुना देऊ का नवा? लांब देऊ का आखूड? मोकळा हवा का चिकट?" अहो, मी तांदूळ घ्यायला आलोय का सून बघायला? म्हटलं, "भाऊ यायचाय." "मग हाच न्या साहेब! दोन वर्षं मुरलाय, एक शीत दुसऱ्या शिताला शिवणार नाही!" आणि मी खूश! भावाभावांचं जुळवायला निघालेला माणूस, एकमेकांना न शिवणारा तांदूळ घेऊन आला!

घरी आलो तर बायको म्हणते, "वहिनी साधा म्हणाल्या होत्या ना? आपला रोजचा आखूड लावते, मऊ होतो छान." मी म्हटलं, "तू गप्प बस, तुला यातलं कळत नाही." तिनं शांतपणे पातेलं माझ्या हातात दिलं. "कळणाऱ्यांनीच करा मग." केला! धुतला, भिजवला, पाणी मोजून घातलं, वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावला नाही... तुम्हाला सांगतो, भात कसला, मोती हो मोती!

दादा आला. वाळला होता. उजवा हात खिशात, तो काही बाहेर काढेना. मला वाटलं, बघा, अजून ताठा आहे! माझं चष्म्याचं दुकान आहे, जन्मभर लोकांचे डोळे तपासले, आणि समोर उभ्या भावाचा हात मला दिसला नाही.

पानावर बसल्यावर काढला त्यानं हात. थरथरत होता. घास घ्यायला गेला, तर भात कुठला हातात राहतोय! चार शितं ताटात, चार टेबलावर, सहा सदऱ्यावर, तोंडात जेमतेम दोन. पुन्हा घेतला, पुन्हा सांडला. बायको खाली बघतेय, वहिनी खाली बघतायत, आणि मी, गाढव, मी काय विचारावं? "दादा, दाणा बघितलास का?"

"बघतोय ना," दादा म्हणाला. "सगळीकडे दिसतोय."

आणि उठला. "पोट भरलं." दोन घासांत!

तो हात धुवायला गेला तशा वहिनी हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला, भावोजी. भात मऊ असला की घास बांधता येतो त्यांना. चमच्याला हात लावत नाहीत, कमीपणा वाटतो. फोन केला तेव्हा शेजारीच बसले होते हो, याहून काय सांगणार?"

मागच्या वर्षी! सख्खा भाऊ आजारी पडला, बरा झाला, मला पत्ता नाही! ती दोघं गेल्यावर खुर्चीपाशी खाली बसून एकेक शीत वेचत होतो. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. त्या दिवशी माझीच झाली... साधा म्हणाल्या होत्या हो, साधा!

आठ दिवस दुकानात मन लागेना. एका गिऱ्हाइकाला तर दुसऱ्याच्याच नंबरचा चष्मा दिला! शेवटी रविवारी बायकोला म्हटलं, "शिकव." आखूड तांदूळ घेतला, दुप्पट पाणी घातलं, ढवळून ढवळून मऊ केला, डबा भरला आणि तीन जिने चढून दादाच्या दारात उभा राहिलो. दार त्यानंच उघडलं.

"काय आणलंस?"

"साधा भात," म्हटलं. डबा पुढे केला. "दादा, चुकलं माझं. भाताचंही, आणि त्या कपाटाचंही."

त्यानं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायलाच लागला! "अरे, परवाच डॉक्टरांनी भात बंद केलाय. साखर वाढलीय!"

मी आपला डबा घेऊन तसाच उभा. तर म्हणाला, "उभा काय राहिलास? आत ये, जेवायलाच बस."

तेव्हापासून दर रविवारी जातो. दादाचं पथ्य आहे, मग त्याच्यासमोर आपण एकट्यानं चांगलंचुंगलं कसं खायचं? दोघं भाऊ समोरासमोर बसून उकडलेला दुधी खातो... आणि तुम्हाला सांगतो, दुधी मला जन्मात कधी आवडलेला नाही!