उत्तर कड्यावरची सत्तावीस रोपं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, निवृत्त झालेले आणि आज मुद्दाम वेळ काढून आलेले माझे ज्येष्ठ सहकारी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे वनरक्षक… अहो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या ना. आज तरी माझं ऐका.

माझ्याबद्दल इथे फार चांगलं बोललं गेलं. एकतीस वर्षं या अभयारण्यात वनस्पतींच्या नोंदी करणारी बाई एवढ्या कौतुकाला पात्र असते का, मला माहीत नाही. मानपत्र वाचणाऱ्यांचा आवाज सुरेख आहे. ऐकताना मलाही क्षणभर वाटलं, कोण बरं ही थोर बाई?

त्या मानपत्रात एक वाक्य आहे. ‘उत्तर कड्यावरच्या दुर्मीळ फुलाचा शोध लावला.’ अध्यक्ष महोदय, तो शोध मी लावलेला नाही. तो मोजणीदादांनी लावला होता.

नव्या मुलामुलींना मोजणीदादा कोण ते ठाऊक नसेल. ते इथे वनरक्षक होते. अस्वलाच्या पायाचे ठसे, गरुडाची घरटी, वाळलेली झाडं, दिसेल ते मोजायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे. शिक्षण सातवीपर्यंत. पण माझ्या पदवीला न दिसणारं त्यांना वीस पावलांवरून दिसायचं. एकदा मी एका झुडपाचं लांबलचक शास्त्रीय नाव त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “बाई, एवढ्याशा झुडपाला एवढं ओझं?”

माझ्या नोकरीच्या एकविसाव्या वर्षी ते मला उत्तर कड्यावर घेऊन गेले. धबधब्याच्या बाजूला शेवाळलेला खडक होता. त्यावर भुईला टेकलेली दोन-दोन पानं, मधून वीतभर दांडा आणि मेणासारखी फिकट पिवळी फुलं. सत्तावीस रोपं. वर्षातून अकरा दिवस फुलायची. सोळा वर्षं ते एकटे ती मोजत होते. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, हे मला पुढे तपासताना कळलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. उतरताना एवढंच म्हणाले, “फूल सांगा लोकांना. जागा नका सांगू.”

मी म्हणाले, “शब्द देते, दादा.”

मग मी लेख लिहिला. परदेशातल्या एका नियतकालिकाने तो घेतला, पण नेमकं ठिकाण हवं, असं कळवलं. मी काय करायला हवं होतं? नकार द्यायला हवा होता. अंदाजे लिहिता आलं असतं. पण लेख परत येईल, आपलं नाव व्हायचं राहून जाईल, ही धास्ती. मी एक ओळ घातली. ‘उत्तर कड्याचा दुसरा टप्पा, धबधब्याच्या डाव्या हाताला.’

पुढच्या बहराला आम्ही दोघं वर गेलो, तेव्हा खडकावर सत्तावीस खड्डे होते. ओरबाडलेले नाहीत, चमच्याने काढल्यासारखे नीटस. वरच्या झाडाच्या बुंध्यावर दोराचा वळ होता; दुर्मीळ रोपं विकणारे तिथून उतरले असणार. दादा गुडघ्यांवर बसले आणि एकेका खड्ड्यात बोट घालून चाचपू लागले. एखादं मूळ राहिलं असेल म्हणून. सगळे खड्डे झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी त्यांना उठवलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

परतताना त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही कुणाला बोलला होतात का?”

मी म्हणाले, “नाही.”

चौकशी याच सभागृहात झाली. हे पडदे तेव्हा नव्हते, एवढाच फरक. जागा दोघांनाच माहीत होती. माझा लेख इथे कुणी वाचला नव्हता, अभिनंदनाचं पत्र मात्र सगळ्यांनी दिलं होतं. साहेबांनी दादांना तीनदा विचारलं. ते तीनदा म्हणाले, “मी नाही सांगितलं.” मग साहेब म्हणाले, “तू नाहीस, तर बाईंनी सांगितलं का?” मी त्या कोपऱ्यात बसले होते. दादांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, “बाई नाही म्हणाल्यात ना साहेब, मग त्या नाहीत.”

आणि मी गप्प बसले.

नाही, अध्यक्ष महोदय, पाणी नको. बोलू द्या मला.

दादांच्या सेवापुस्तकात ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा पडला. त्यांची बदली फाटकावर झाली आणि जंगलात जायला मनाई झाली. ज्या माणसाने या डोंगराचं पान न् पान मोजलं, तो पाच वर्षं आडवा बांबू वर करायचा आणि खाली करायचा. दर बहराला दादा माझी जीप थांबवून विचारायचे, “बाई, यंदा एखादं उगवलं?” मी म्हणायचे, “नाही, दादा.” ते म्हणायचे, “उगवेल.” सहाव्या वर्षी छातीचं दुखणं झालं आणि दादा गेले. तेव्हाही मी मोठा हार घेऊन गेले होते.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या मुलीकडे गेले. ती रुग्णालयात परिचारिका आहे. नुकतीच कामावरून आली होती. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, “बाबांना कळलं होतं?”

“नाही.”

तिने आतून त्यांच्या डायऱ्या आणल्या. फाटकावरच्या वर्षांतही ते गाड्या मोजत होते, फाटकावर येणारे पक्षी मोजत होते. प्रत्येक बहराच्या तारखेला मात्र एकच ओळ होती. ‘उत्तर कडा. मोजायला गेलो नाही.’ कुठेही शून्य लिहिलं नव्हतं.

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, त्यांना सांगा.” मी तिला आजचं निमंत्रण दिलं. ती म्हणाली, “तुम्ही खरं बोलता की नाही हे बघायला मी येणार नाही.” ती आलेली नाही.

दादांचा शेरा पुसला जावा, असा अर्ज आज सकाळी मी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आहे. त्या लेखाची प्रत जोडली आहे. आपण तो वाचावा. फुलाच्या शास्त्रीय नावात माझं आडनाव आहे. ते बदलता येईल का, विचारून पाहिलं. नियमात बसत नाही. फूल गेलं, दादा गेले, नाव तेवढं राहणार.

हा कार्यक्रम आखणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या, सकाळपासून राबणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्या आनंदाच्या दिवशी मी हे काढलं. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते पोटात घाला. बाकी जे मी केलं, त्याची क्षमा तुमच्याकडे मागत नाही. ती देऊ शकेल असा माणूस या सभागृहात नाही.