घाटातली घंटी

सोलापूरहून सुटलेल्या तुळजापूरच्या एस.टी.त चंद्रव्वाच्या पुढच्या बाकावर पिकल्या मिशांचे दोघे बसले होते. घाटातल्या सायकल शर्यतीचं बोलणं निघालं, तसं चंद्रव्वानं गाठोडं मांडीवर ओढलं आणि कान पुढं केला.

"रुद्रप्पा, त्रेपन्न साली घाटात लई पळवलंस बघ मला."

"मी? पैला नंबर तर तुझा की, कुंडलिक."

"तुझ्या भ्यानं आला. पार माथ्यापातुर तुझी घंटी माझ्या मागं वाजत व्हती. मान वळवायची छाती झाली न्हाय."

"आरं, मी तिसऱ्या वळणालाच उतरलो की."

"काय म्हंतोस?"

"तुझी घंटी वर वर जाताना ऐकली. म्हनलं, ह्यो आता गावत न्हाय. चिंचंखाली बसून रडलो."

"माझी घंटी? वजन नगं म्हणून ती आदल्या दिशीच काढून घरी ठेवली व्हती."

"मी बी काढली व्हती की."

गाडी घाट चढू लागली. तिसऱ्या वळणाशी कुणाला तरी उतरायचं होतं, म्हणून कंडक्टरनं दोरी ओढली. टण्णकन घंटी वाजली.

कुंडलिकनं झटकन मागं वळून पाहिलं, आणि रुद्रप्पानं खिडकीतून वर, पुढच्या वळणाकडं.