भट्टीवाली घरं

...नको, नको, त्या मुंग्या राहू द्या हो! आमच्याकडे शेंगदाण्यांसारख्या खातात, पण भाजलेल्या मुंग्यांची बशी समोर आली की हल्ली मी तोंडच फिरवते. ह्याच मुंग्यांचे पंख खुडता खुडता मावशीने माझी सव्वीस वर्षं पाण्यात घालवली. सव्वीस वर्षं!

तुम्हाला सांगते, आमच्या पिएद्रालुना गावात काचबिंदू म्हणजे सर्दीपडसं. पन्नाशीत डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, नुसतं कडेकडेचं दिसेनासं होतं, आणि एक दिवस माणूस चर्चच्या पायरीवर आपटतो. मी गावची पोर, बोगोताला जाऊन जनुकांचं शिकलेली. म्हटलं, हे पिढीजात आहे, दोषी जनुक मी शोधणार! आईबापांपैकी एकाकडे असलं तरी मुलात उतरू शकतं ते, दोघांकडेही नसलं तर नाही. मग मी काय केलं? चर्चमधली बाप्तिस्म्याची वही घेतली, घरोघर जाऊन वडिलांची नावं विचारली आणि भिंतभर वंशावळ काढली. देवाच्या घरची वही ती, तिच्यावर शंका कोण घेणार?

आणि ती वंशावळ जमेचना! आई ठणठणीत, बाप नव्वदीत सुईत दोरा ओवतोय, आणि मुलगा आंधळा! एक नाही, अकरा घरं अशी. मी रसायनं बदलली, यंत्र बदललं. प्रयोगशाळेत रामिरो होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, त्याला म्हटलं, "तुम्हीच रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केलीत!" ढसाढसा रडला बिचारा, "डॉक्टरबाई, आईची शपथ, नाही हो!" आणि नोकरी सोडून गेला. आता बुकारामांगा शहरात कोंबड्या भाजून विकतो, माझ्यापेक्षा सुखात आहे. शेवटी मी नवा सिद्धांतच काढला... हा रोग म्हणे एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारतो! परदेशात तीन भाषणं ठोकली त्यावर! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

गेल्या महिन्यात निवृत्तीआधीचा शेवटचा निबंध लिहायला गावी गेले. हेर्मेलिंदा मावशी, आईची धाकटी बहीण, अंगणात मुंग्या निवडत बसलेली. मी कपाळाला हात लावून त्या अकरा घरांची नावं वाचतेय, "पिन्सोन... गाल्विस... रुएदा..." तर ही मान वर न करता म्हणते कशी, "ही तर भट्टीवाली घरं."

"म्हणजे?"

"अगं, त्या एव्हारिस्तो गवंड्याने पावाच्या भट्ट्या बांधल्या ना ह्यांच्याकडे! एकेका घरी आठ-आठ दिवस मुक्काम. नवरे मळ्यात... देखणा होता मेला. म्हातारपणी पार आंधळा झाला."

मी कागद मांडीवर आपटला! "मावशी, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला सोडून सगळ्यांना."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"विचारलंस का कधी? तू वडिलांचं नाव विचारलंस, लोकांनी वडिलांचं नाव सांगितलं. सभ्य माणसं आहेत इथली!"

तणतणत फादरना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, वही बाप्तिस्म्याची आहे, चौकशीची नाही. आणि तू विचारलंस का कधी?"

बरं, तिथेच थांबावं ना? नाही! एव्हारिस्तोला त्या अकरा घरांशी जोडलं आणि वंशावळ अशी चपखल बसली म्हणता! आणि जनुक? तुम्हाला सांगते, त्यातलं ते बिघडलेलं अक्षर मला पहिल्याच वर्षी सापडलं होतं. पहिल्याच वर्षी! पण मी ते सोडून दिलं. का? तर तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं, ते मी माझंच घेतलं होतं. आमच्या घरात सात पिढ्यांत काचबिंदू नाही, माझ्याहून निरोगी कोण? आणि तेच अक्षर माझ्याही रक्तात निघालं. म्हटलं, माझ्यात आहे म्हणजे ते निर्दोषच असणार...

बसा, बसा. मीही आधी बसून ते पुन्हा दोनदा तपासलं.

आईला फोन केला. शहाऐंशीची आहे. म्हटलं, "आई, आपल्या परसातली भट्टी..."  ती हळूच म्हणाली, "ओतिलिया, पाव छान फुगतो ना गं तिच्यात?"

बाबांनी वासरू विकून मला पहिला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला हो. खांद्यावर बसवून शाळेत नेलं. तेच माझे बाबा, त्यात बदल नाही. पण त्यांना ठाऊक होतं का, एवढं आईला विचारायचं होतं... आणि नाही विचारलं. 

काल डोळे तपासायला गेले, आयुष्यात पहिल्यांदा! गावभर 'तपासा रे, तपासा' करत हिंडले, स्वतःचे मात्र कधी नाही. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. त्याने यंत्रातून डोळ्यात फुस्सकन हवा मारली, आकडा पाहिला, पुन्हा मारली. "बाई, दाब बराच वाढलाय. कडेचं नीट दिसतं का?" आता कडेचं दिसत असतं, तर सव्वीस वर्षं लागली असती का रे बाबा?

मग त्याने फॉर्म पुढे केला. वडिलांचं नाव? मी बाबांचं लिहिलं. त्यांना काचबिंदू होता का? लिहिलं, नाही.

काय करणार? घरी भट्टी आहे का, असं त्याने विचारलंच नाही ना!