बी.एस्सी. झालेलं गॅरेज

मी अहमदपूरचा, आमच्या वस्तीतला पयला बी.एस्सी., हे आधी लिवा, मग बाकीचं. बाप लोकाच्या शेतात राबला, मला उदगीरला कॉलेजात घातलं, आन् लातूर जिल्हा नवा झाला तवा त्याला वाटलं आता कचेऱ्याच कचेऱ्या उघडून राहिल्या, एका खुर्चीवर आपलं पोरगं बसंलच. मी बसस्टँडच्या मागं मोटारसायकलीचं गॅरेज टाकलं आन् पाटीवर नावाच्या म्होरं बी.एस्सी. लिवून घेतलं. बाप म्हणला, ती अक्षरं तुझ्या एकट्याची न्हाईत, सगळ्या वस्तीची हायेत, त्यांला डाग लागला तर मीच पाटी उतरवीन. आन् रोज समोरच्या ड्रमवर येऊन बसायचा, पाटीची राखण करायला.

तवा दुष्काळ, माळामाळावर खडी फोडायची कामं, आन् त्या कामांवर फिरणारे एक ओव्हरसियर सायब. त्यांच्या गाडीला रस्ता असा न्हवताच, ढेकळातनं जायची. गाडी उभी बरी, हळू बरी, पण रेस पिळली की भू भू भू करायची आन् बंद. काय सांगू तुम्हाला, मी सीट खोललं, प्लग बघितला, काळाकुट्ट. म्हंजे पेट्रोल जास्त, हवा कमी, हे तर पुस्तकातच हाय. कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकले, तिथंच उभ्या गाडीला रेस दिली, वाघावानी गुरगुरली. सीट बसवून दिलं. चौथ्या दिवशी सायब गाडी ढकलत हजर. मग पेट्रोल कमी जावं म्हणून कार्बोरेटरची सुई एक खाच खाली घेतली. पुन्हा गुरगुरली, पुन्हा ढकलत आली. तिसऱ्या बारीला मी कार्बोरेटरच बदलला, तरी तेच, लई बेजार झालो.

सायब सगळ्या स्टँडाम्होरं म्हणले, सायन्सवाले, तुमची डिग्री गावात चालती, ढेकळात बंद पडती.

बाप उठला. चहावाल्याची शिडी आणून पाटीखाली लावली, आन् माझ्याकडं पाना मागितला. त्यो पाना घिऊन मी गाडीकडंच गेलो. मी म्हणलो, बा, येकडाव बघू दे. सीट खोललं, आतला रेनकोट काढून बाजूला ठिवला, तसा बाप शिडीवरनंच म्हणला,

“त्यो काढला की गाडी बरी व्हती, घातला की आजारी पडती. तीन डाव बघून राहिलो.”

दुष्काळात रेनकोट. सायबाच्या बायकोनं सीटखाली घातलेला, राहू द्या म्हणून. रेस पिळली की आतली ओढ त्याचं टोक हवेच्या फिल्टरच्या तोंडावर चिकटवायची, गाडीचा जीव कोंडायचा. आन् मी शिकलेला माणूस, दर बारीला इमानदारीनं त्याची घडी घालून परत आत ठिवायचो.

मी बापाला म्हणलो, आधी का न्हाई सांगितलं? त्यो म्हणला, मला वाटलं ते बी.एस्सी.त असंल.

रेनकोट घरी ठिवायची सायबाची छाती न्हवती, कॅरियर मोडलेलं, मग अंगातच घालून गेले, त्या उन्हात. पुढं गावोगाव खडी फोडणाऱ्या बाया त्यांला बघून आभाळाकडं बघायच्या म्हणे.

पाटी राहिली. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलवून माझ्या नावाच्या वर बापाचं नाव लिवलं, म्होरं डिग्रीएवढी जागा मोकळी सोडली. बाप गेला, आता गाड्यांला कार्बोरेटर बी न्हाई, पोरं येतेत, काका, मशीन लावून गाडी स्कॅन करा म्हणतेत. करतो, पण आधी सीट उचलून बघतो. तुमची बी गाडी बाहेर उभी हाय न्हवं? सुखानं जा, फक्त सीटखाली काय ठिवलंय तेवढं दावून जा.