अप्पांना तो अल्बम आवडला नव्हता

जमलेल्या पाहुण्यांनो, पाचोडहून आलेल्या गावकऱ्यांनो, गारखेड्यातल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

उभी राहिले खरी, पण अवघड आहे. बापावर बोलायचं, आणि बाप समोर फोटोत हार घालून बसलेला. मी सुरेखा, अप्पांची थोरली मुलगी. माझ्या आधी बरेचजण बोलले. सगळे गोड बोलले. मला गोड बोलायला जमणार नाय, आधीच सांगते.

अप्पा ढोल वाजवायचे, हे सगळ्यांनी सांगितलं. अप्पा ऐकायचे कसं, ते कुणीच सांगितलं नाय. मेंढरामागं फिरताना कमरेला रेडिओ, म्हातारपणी माझ्या शिवणाच्या दुकानात माझा मोबाईल. आणि प्रत्येकाबद्दल मत! खुलताबादच्या उरसात एक म्हातारा कव्वाल गायचा. अप्पा म्हणायचे, "त्यो गाताना अल्ला म्हणू दे न्हायतर काय बी म्हणू दे, आपला पाय तिथनं निघत न्हाय." त्या कव्वालासाठी ते चालत जायचे. आणि टीव्हीवरची ती सासू? ती रडायला लागली की अप्पा उठून अंगणात. "हिचं काजळ बी हालत नाय. हिला काय दुःख झालंय?" साडी नेसून बाईची टिंगल करणारा तो विनोदी नट तर त्यांना बिलकुल चालायचा नाय. घरातली सगळी हसत असली तरी टीव्ही बंद. मग आमची भांडणं.

सगळी मतं बरोबर होती असंही नाय. पेटी सोडून दुसरं काही बोटांनी वाजवलं की ती त्यांना लबाडी वाटायची. माझ्या पोरीला कीबोर्ड शिकायचा होता. आजानं नाक मुरडलं, पोरगी रुसली. आजा मरेपर्यंत तो वाद मिटला नाय. पण मत तोंडावर. पाठीमागं एक शब्द नाय.

आता त्या कार्यक्रमाचं बोलते. कुणीच बोललं नाय, म्हणून मला बोलावं लागतं.

टीव्हीवाल्यांनी अप्पांना ढोल वाजवायला बोलावलं. परीक्षक कोण, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाय. त्याच्या गाण्यांचा नवा अल्बम आला होता. अप्पा दुकानात आले, म्हणाले, "सुरे, लाव बरं त्याचं. ज्याच्या दारात जायचं, त्याचं ऐकून जावं." मी मशीन बंद केली. डोळे मिटून पूर्ण अल्बम ऐकला माणसानं. पहिलं गाणं परत लावायला सांगितलं. बाकीचं परत लाव म्हणाले नाय.

तिथं ढोल झाला. टाळ्या झाल्या. मग त्या परीक्षकानं हसत विचारलं, "अप्पा, आमचा अल्बम ऐकला का? कसा वाटला?"

आमच्या मेंढरंवाल्यांत ढोलाचा खेळ संपला की ढोलवाले गोल बसतात. जाणता माणूस एकेकाला तोंडावर सांगतो, तुझा हात इथं जड पडला, तू तिथं घाई केली. ज्याला काहीच सांगितलं नाय त्याला झोप लागत नाय. आपण हिशेबातच नाय, असं त्याला वाटतं. ती आमची इज्जत द्यायची रीत. अप्पांनी त्या माणसाला तीच इज्जत दिली. म्हणाले, "पहिलं गाणं लई चांगलं हाय. ते तुम्ही जीव लावून केलंय. बाकीची उरकलीत."

बस. एवढंच बोलले.

तो म्हणाला, "आता मेंढरं आम्हाला सूर शिकवणार का?" सगळा हॉल हसला. टीव्हीवर दाखवलं तेव्हा अप्पांचं बोलणं कापलं होतं. फक्त अप्पांचा चेहरा, आणि वरून मेंढराचा आवाज. तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरला. कुणी फिरवला? पुण्या-मुंबईच्या लोकांनी? माझ्या मोबाईलवर तो आपल्याच माणसांकडून आला. आज हार घेऊन आलेत त्यातल्याच काहींकडून. लग्नात अप्पा दिसले की पोरं बें बें करायची आणि बापं हसायची. हसायची का नाय? सांगा ना.

आणि आपल्या जत्रेच्या मंडळानं काय केलं? त्या परीक्षकाला जत्रेला पाहुणा म्हणून आणायचं होतं. म्हणून अप्पांना ढोलाच्या मेळातून बाजूला काढलं. "अप्पा, यंदा तुम्ही आराम करा." पाहुणा आलाच नाय. अप्पा मात्र घरी बसले. आईला विचारा. जत्रेच्या दिवसांत लांबून ढोल ऐकू यायचा, आणि हा माणूस भाकरी समोर ठेवून नुसता बसून राहायचा. त्या परीक्षकाला मी कधी माफ करणार नाय. आणि तुम्हाला बी नाय.

काल मंडळाच्या अध्यक्षभाऊंनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. आनंदानं पाठवला. आता माझं झालं की ह्या पडद्यावर तो लावणार आहेत. त्यात तो परीक्षक म्हणतो, अप्पा माझे चाहते होते. म्हणतो, माझा अल्बम ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असा कलाकार होणे नाय. पुढच्या वर्षी अप्पांच्या नावानं बक्षीस, तेही त्याच्याच हातानं.

मी फोन केला. म्हटलं, भाऊ, हे लावू नका. भाऊ म्हणाले, "अगं सुरेखा, एवढा मोठा माणूस. दोन शब्द चांगलेच बोललाय ना? मेल्या माणसाला काय फरक पडतो?"

भाऊ, पडतो. जिवंतपणी अप्पांचं बोलणं कापलं, ते तुम्ही पाहिलं. आता अप्पा गेल्यावर त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घालताय. माझ्या बापानं मागं काय ठेवलं? जमीन नाय, बंगला नाय. खरं काय वाटलं ते सांगून गेला माणूस, आणि त्याचं मोल मोजून गेला. तेवढं तरी खोटं करू नका. बक्षीस द्यायचं तर द्या, पण माझ्या बापाच्या नावानं नको. पडद्याची वायर काढा, भाऊ. आत्ता काढा, मी थांबते.

काढली? बरं.

आता सगळ्यांनी उभे राहा. आई, तू बस, तुझे गुडघे दुखतात. बासरी-बिसरी काही लावू नका. दोन मिनिटं शांत राहायचं, आणि राहताना एवढं ध्यानात ठेवायचं. उद्या कुणी विचारलं, तर हेच सांगायचं. त्या अल्बमातलं पहिलं गाणं अप्पांना लई आवडलं होतं. बाकीचा अल्बम आवडला नव्हता.

अप्पा, राम राम.