रंगपंचमीची तारीख

जमशेद : ...तर खाला, अशी मागणी मी उभ्या जिंदगीत पाहिली नाही. फौजी दवाखान्यांना नर्सा पाहिजेत. कलकत्त्याला पाहिजेत, आसामात पाहिजेत, आगबोटीवर पाहिजेत. मी पाठवतो तितक्या घेतात आणि पुन्हा तार करतात.

जैतुनबी : पह्यल्या कुठी जातेत?

जमशेद : अं?

जैतुनबी : तुमी भरतीवाले पाठोता त्या. मी या शेलूबाजारात जवानीपासून दाईपण करून राह्यली. एक दाई गावाले पुरते. तुमाले पुरत काहून नाई?

जमशेद : अहो, जखमी वाढलेत ना!

जैतुनबी : माह्या कामाची मागणी वाढली तं गावात पाळणे वाढतेत. तुमची वाढली तं?

जमशेद : तर बढती वाढते! ऐका. तुमची सून दवाखान्यात शिकलेली, औषधांची इंग्रजी नावं वाचते. आज लागली की साधी नर्स, सहा महिन्यांत सिस्टर, पुढे मेट्रन. खांद्यावर बिल्ला. गोरा सोल्जर सलाम ठोकील.

जैतुनबी : सहा महिन्यात? अन् आधीची सिस्टर?

जमशेद : तिची जागा रिकामी होते.

जैतुनबी : कशी?

जमशेद : कधी मलेरिया, कधी बॉम. आपण खोलात कशाला जायचं? जागा होते, हे महत्त्वाचं.

हुस्नाबानो : अम्मी, मले बढती नाई पाह्यजे. मले आसाम पाह्यजे.

जैतुनबी : ऐकलं, जमशेदमियाँ? सारा मुलूख आसाम चुकवून राह्यला, अन् हिले आसाम पाह्यजे.

हुस्नाबानो : बर्मातून जे निघून आले, त्यायले तिथंच खाटा देल्ल्या म्हन्तेत. काही तं बोलतच नाईत. सोताचं नाव बी सांगत नाईत. त्यायच्यात हे असले तं मी वळखीन. दुसरं कोन वळखन?

जैतुनबी : मी वळखीन. पैदा म्या केला फय्याजले.

हुस्नाबानो : तुमाले कोन भरती करन, अम्मी?

जमशेद : वय जरा... पुढे गेलं.

जैतुनबी : मागणी येवढी, तरी?

जमशेद : बरं, अर्जात एवढी एक ओळ राहिली. नवऱ्याची सही.

जैतुनबी : कोनाची?

जमशेद : नवऱ्याची. त्याच्या मंजुरीशिवाय लग्नाची बाई घेत नाहीत. पक्का नियम आहे.

जैतुनबी : नवरा तुमच्याच फौजेनं नेला, बाप्पा. रंगून पडलं तवापासून पत्ता नाई. साल उलटलं. घ्या ना तुमीच त्याची सही.

जमशेद : ते खातं वेगळं.

हुस्नाबानो : नाईच भेटली सही, तं?

जमशेद : तर दुसरा रस्ता आहे. बेवेला सही लागत नाही. सासरच्या मोठ्या माणसाने मुलगा वारला म्हणून अंगठा दिला की झालं.

(जमशेद टोपीवरची धूळ झटकतो.)

हुस्नाबानो : मी त्यायले शोधाले जाऊन राह्यली. मारून जाऊ?

जमशेद : कागदापुरतं, बेटी.

जैतुनबी : अन् इद्दत? मेला म्हनलं तं चार महिने दहा दिवस हिले उंबऱ्याभाईर पाय नाई टाकता येत.

जमशेद : तेही विचारून आलोय मौलवीसाहेबांना. इद्दत खबर आल्या दिवसापासून नाही, मौत झाल्या दिवसापासून मोजतात. तारीख मागची टाकली की इद्दत सरली. गेल्या सालची कोणतीही टाका, जी पटेल ती.

जैतुनबी : जी पटन ते?

जमशेद : सरकारदरबारी नोंदच नाही, तेव्हा सरकारची हरकत नाही.

जैतुनबी : कोनतं पोरगं कवा पैदा झालं, हे मले गावातले लोकं येऊन पुसतेत. शाळेतला मास्तर बी पुसते. मौतीची तारीख आजलोक कोनी पुसली नोती.

जमशेद : सावकाश ठरवा. अकोल्याची मोटर अजून यायची आहे.

हुस्नाबानो : नका देऊ अंगठा, अम्मी. मी राह्यते घरी.

जैतुनबी : घरी राहून काय करशीन? दाराकडं पाह्यशीन. थे मी करूनच राह्यली. एका दाराले दोघी कायले पाह्यजे?

हुस्नाबानो : अम्मी...

जैतुनबी : लिहा, जमशेदमियाँ. मागच्या सालची रंगपंचमी.

जमशेद : काही खास कारण?

जैतुनबी : त्या दिवशी पुंजाजीच्या घरचं बाळंतपण बिघडलं. पोरगं माह्या हातातच गेलं. दिवसभर रडेल होती मी, जेवेल बी नोती. त्याच दिवसात हेबी घाला. दुसरा दिवस कायले खराब करा?

जमशेद : इथे अंगठा. जरा दाबून. शाब्बास, खाला! आता एकच गोष्ट. अकोल्याला भरती तपासणारी मेमसाहेब हुशार आहे. बाई बेवा म्हणते आणि हातभर हिरव्या बांगड्या, हे तिच्या ध्यानात येईल.

हुस्नाबानो : फोडते मी. पाट्यावर...

जैतुनबी : थांब. साबण आन अन् लोटाभर पानी. हं, दे हात. अंगठा आत घाल. बोटं जोळ आन. जीव नको आवळू पोरी, हात ढिला सोड. अडलेल्या पोराले जोर करून नाई आनत आपून. असं. हळू.

जमशेद : खाला, मोटरचा आवाज आला. बेवेच्या बांगड्या फोडतातच की! एक दगड घेतला की झालं. कशाला एकेक काढत बसता?

जैतुनबी : लागतीन पुन्हा.