विमानाच्या रंगाचा बैल

आमी मूळचे खाप्याचे, कन्हानच्या काठचे. घरी बैलजोडी होती, पण मले नांगर कधी सरळ धरता आला नाई, बाप म्हणे हा पोट्टा शेतीच्या कामाचा नाई, मंग मी ब्रश धरला अन् नागपुरात सोनेगावच्या एअरपोर्टवर पेंटर लागलो. विमानं नाई रंगवली हो, ते मुंबईहूनच रंगून येत. मी रंगवे शिड्या अन् सामानाच्या ढकलगाड्या. पण कंपनीचा हुकूम असा का जो रंग विमानाचा, तोच शिडीचा पायजे.

अन् काय सांगू तुमाले भाऊ, कंपनीले दर काही वर्षांनी नवी हौस ये. आंधी पंख्याचं विमान, उघड्या पत्र्याचं, बाजूनं बारीक निळा पट्टा. मंग वरचं अंग पांढरं केलं, पट्टा जाड झाला. मंग जेट आले, निळा गेला अन् शेपटी पुरी नारिंगी. रंग बदलला का साहेब म्हणे, जुने डबे ने घरी. ते आमी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाले लावो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापला बैल घेऊन घरोघरी बोजारा मांगतात ना, पैसे, खाऊ, तं माही पोरगी शोभा लय ऐटीत निघे.

नारिंगी आला त्या साली बैलावर निळा चढला. सोनेगावातले पोट्टे दिवसभर विमानंच पाह्यत, ते म्हणाले, शोभे, तुया बैलानं विमानाचा टाकलेला रंग घातला वं. पोरगी रडत आली, म्हणे मी पोळ्यात जातच नाई. बायको म्हणे, लावा ना थोडा नारिंगी, कोण पाह्यते. मी म्हणलं नाई, नवा डबा कंपनीचा. पोरगी जेवे ना. एकच लेकरू, जीव तुटे माहा.

मंग साहेबालेच थोडा नारिंगी मांगतला. साहेब म्हणे, काहून पायजे? म्हणलं बैलाले. कोणत्या बैलाले? सगळं सांगतलं, तं साहेब हसून हसून लाल. म्हणे शिडीच्या आंधी रंगाचा नमुना दाखवाच लागते, आण तो बैल, त्याच्यावरच दाखवू. झालं, बैल साहेबाच्या टेबलावर, अंग पांढरं, शेपटी नारिंगी, अन् मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबानं चष्मा पुसून पाह्यला, म्हणे पास.

पोळ्यात सजवलेल्या बैलांचा पयला नंबर एका शेठच्या पोराच्या बैलाले भेटला. मले पोरीकडं पाह्यवे ना. तं तेच मले समजावून राहिली, बाबा, त्याचा बैल पंचानं पास केला, आपला कंपनीनं केला.

आता पोरगी खापरखेड्याले राह्यते, जावई पावर हाऊसमंदी आहे. विमानाचा रंग अजून बदलला. नातू म्हणते बैलाले नवा रंग लावा, तं शोभा हात लावू देत नाई. म्हणे तुले दुसरा बैल घेऊ, हा रंग माह्या बापानं माह्यासाठी मांगून आणला.

भाऊ, मी जन्मात कोणापाशी काही मांगतलं नाई. तेवढं एकदाच मांगतलं, अन् पोरीनं ते ध्यानात ठेवलं. अजून काय पायजे माणसाले? सुखात राहो लेकरं.